फाटक आणि करंगळीएवढी फट

२८ सप्टें., रविवार
फाटक आता अक्षरशः जमिनीवर लोळतंय. वरची बिजागरी ढिली, कडीची बाजू खाली बसलेली, मधल्या फळ्या पिळवटलेल्या. उघडायचं तर दोन्ही हातांनी उचलून ढकलावं लागतं. रेवा आज सकाळी दप्तर लावून उगाच तालीम करत होती. दोनदा ढकललं, लाथ मारली, मग इथल्या पोरांसारखी आईला 'मामा' म्हणत जर्मनमध्ये ओरडली, "मामा, इश शाफ दास निश्ट!" जमत नाही म्हणे.
कसं जमेल? सहा वर्षांची पोर.
पण बाईंनी सांगून ठेवलंय, हर्ब्स्टफेरिएन, म्हणजे शरदातली सुट्टी, संपली की पहिलीच्या मुलांनी शाळेत एकटं यायचं. वर्गातली निम्मी आत्ताच जातात. रेवाला रोज मी सोडते आणि तिला ते आवडत नाही.
सुट्टी संपेपर्यंत फाटक तिच्या एका हाताने उघडलं पाहिजे. हे मी करणार. आज रविवार, इथे जर्मनीत ड्रिलचा आवाज चालत नाही. नाहीतर आजच.

१ ऑक्टो., बुधवार
ऑफिसातून थेट बाउमार्क्ट, हार्डवेअरचं मोठं दुकान. जाड बिजागऱ्या, लांब स्क्रू, तिरप्या टेकूसाठी एक पट्टी.
नवरा, निखिल, म्हणाला, "नवीन फाटक आणू ना, मानसी." मी म्हटलं, दिवसभर गाड्यांच्या दारांच्या फटी मोजणारी बाई मी, मिलिमीटरच्या आत दार बसवते, आणि स्वतःच्या दारातलं फाटक विकत आणू? मग नि.च्या सोफ्यावरून सूचना सुरू. उंटावरून शेळ्या हाकणं त्याला छान जमतं.
परवा फायरटाग, सुट्टी. परवाच करीन.

२ ऑक्टो., दसरा
सासूबाईंनी पाटावर ड्रिल, पाने, हातोडी मांडली. ड्रिलवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचं फूल खोचलेलं. छान दिसत होतं, खरंच. मी सहज म्हटलं, उद्या सकाळी लागतील हं.
"पूजेतली हत्यारं लगेच उचलायची नाहीत. उद्या उत्तरपूजा झाली की घे."
"अहो आई, कधी होईल ती?"
"संध्याकाळी."

३ ऑक्टो., शुक्र.
संध्याकाळी हत्यारं मिळाली. पण आज फायरटाग, म्हणजे तसाही आवाज बंद. शेजारच्या फ्राऊ लिंडनर कुंपणापलीकडे फुलझाडं छाटत होत्या, त्याही हाताने, कात्रीने. म्हणजे इकडून सासूबाई, तिकडून जर्मनी. मध्ये मी.
सा.बा. खिडकीतून, "काय गं, नाचता येईना अंगण वाकडं?" अंगण नाही, फाटक वाकडं आहे हो. तेवढं तरी खरं बोला.

४ ऑक्टो., शनि.
झालं!!
जुने स्क्रू काढले, भोकांत लाकडी खुंट्या ठोकल्या. फाटकाखाली विटा आणि पाचर घालून कडीची बाजू उचलली. नव्या बिजागऱ्या. तिरपी पट्टी खालच्या बिजागरीपासून वर कडीकडे, म्हणजे वजन टेकूवर येतं. पिळवटलेल्या दोन फळ्या काढून उलट्या फिरवून लावल्या. नि.ने विटा आणल्या, एवढं श्रेय त्याला देते.
मग फटी बसवल्या. सगळीकडे तीन मिलिमीटर. मोजपट्टी घेऊन मीच थक्क. एका बोटाने ढकललं की सरकतं, आणि कडी 'टक्' करून बसते. असा आवाज आणायला ऑफिसात महिनेच्या महिने घालवतो आम्ही. हातच्या काकणाला आरसा कशाला, पण फोटो ग्रुपवर टाकलेच. रेवाने किती वेळा उघडमीट केली देव जाणे. मी कॉफी घेऊन पायरीवर बसून नुसती ऐकत होते.

९ ऑक्टो., गुरु.
सोमवारपासून पाऊस. फाटक खांबात गच्च. नि.लाही उघडेना. मागच्या दाराने ऑफिसला गेलो.
माझे तीन मिलिमीटर! पत्रा पावसात फुगत नाही. लाकूड फुगतं. हे न कळायला मी काय शेंबडी पोर आहे? फ्राऊ लिंडनर छत्रीतून म्हणाल्या, "होल्ट्स आर्बाइटेट", लाकूडसुद्धा काम करतं. 'या, गेनाऊ', हो, अगदी बरोबर. मला माहीत होतं. उशिरा आठवलं एवढंच.
ग्रुपवर कोणी विचारलं तर सध्या उत्तर देणार नाही.

११ ऑक्टो., शनि.
फाटक उतरवलं. फ्राऊ लिंडनरकडून रंधा उसना. कडीच्या बाजूने तासलं, खालून तासलं. ओट्यावर, केसांत, सा.बा.च्या शालीवर सगळीकडे भुसा. फट आता करंगळीएवढी. ऑफिसात कोणी अशी फट ठेवली असती तर मी त्याला उभा जाळला असता. पण आता पावसात फुगायला जागा आहे, आणि उन्हाळ्यात वाळेल तेव्हा कडी पुरेल अशी लांब आहे. तासलेल्या कडांना तेल दिलं.
तीन मिलिमीटर कुणीही बसवेल. किती सोडायचं ते कळायला लागतं.
छान वाक्य झालं. आपलंच आहे म्हणून सांगते.

२१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन
आठवडाभर पाऊस, ऊन, परत पाऊस. फाटक एकदाही अडलं नाही. आज दोन्ही खांबांपाशी पणत्या. फ्राऊ लिंडनर फराळाला आल्या, चकली खाल्ली, आणि जाताना फाटक स्वतः दोनदा लावून पाहिलं. मी पाहिलं ते. त्यांनाही कळलं मी पाहिलं ते.
रेवा आजीला म्हणाली, "ओमा, इश गेहे आलाइने." आजीला आता 'आलाइने' म्हणजे एकटी, हे कळतं. चेहरा पडला. मी ताटं उचलायला आत गेले.

२६ ऑक्टो., रवि.
घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे. उद्या शाळा.
सा.बा. दिवसभर भांड्यांवर राग काढत होत्या. शेवटी बोलल्या, "एवढीशी पोर एकटी रस्त्यावर? निदान कोपऱ्यापर्यंत तरी जा मागून."
"अहो आई, ती वळून बघेल, आणि मी दिसले तर कायमची रुसेल."
बोलले खरी ठसक्यात. पण लिहायला हरकत नाही, मलाही भीती वाटते. फाटक अडत होतं तोवर रोज उघडायला मी जायचे. मग कोपऱ्यापर्यंत. मग शाळेपर्यंत. कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. आता ते सोंग संपलं. माझ्याच हाताने संपवलं मी ते, आणि इतकं नीट की एका बोटाने…

२७ ऑक्टो., सोम.
गेली.
डबा, दप्तर, पिवळी टोपी. दारात पापा दिला, पुढे येऊ दिलं नाही. एका हाताने फाटक उघडलं, बाहेर गेली, वळली. वाटलं हात हलवेल. तिने फक्त कडी लागली का ते नीट पाहिलं, अगदी माझ्यासारखं वाकून. टक्. आणि कोपऱ्याकडे चालू लागली.
स्वयंपाकघराच्या खिडकीत आम्ही दोघी. टोपी दिसेनाशी झाली तशी सा.बा. हळूच म्हणाल्या, "जरा घट्टच ठेवायची होतीस गं ती कडी."
 ऑफिसला कळवलंय, आज उशीर होईल. शाळा सुटेपर्यंत फाटकाला तेलाचा दुसरा हात देते. बाहेरच्या बाजूने.