नोकरी सोडण्याचं कारण

शनिवार, ८ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र सोमवारी मिळालं आणि उत्तर आज लिहिते आहे. कामाचा रगाडा होता असं सांगणार होते, पण तुम्हाला ते पटणार नाही. रगाड्यातच मी जास्त लिहिते, हे तुम्ही बारा वर्षं शेजारच्या टेबलावरून पाहिलेलं आहे.

घरी सगळे बरे आहेत. आईंचा गुडघा सुधारलाय. आता जिना चढतात, आणि वर पोचल्या की जिना बांधणाऱ्याचा उद्धार करतात. तुमच्या भावाने गेल्या रविवारी स्वयंपाकघरातला नळ स्वतः दुरुस्त केला, त्यामुळे सोमवारी प्लंबरला बोलवावं लागलं. तुमची खोली रोज झाडते, पण सामान हलवलेलं नाही. लेकीकडे तुमचं मन रमलंय असं लिहिलंत, ते खरं मानते.

येत्या गुरुवारी तुमची मुलाखत. दोन फेऱ्या पार केल्यात, आता तिसरी. काय काय विचारतील ते कळव म्हणालात, तर सांगते. वर्षभर मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते आहे, तेव्हा तेवढं तरी मला कळायला हवं. एखादं कोडं घालतील. त्यात उत्तर बरोबर येण्यापेक्षा तुम्ही वाट कशी काढता ते बघतात, म्हणून मनात विचार करू नका, बोलत बोलत करा. जे येत नाही ते येत नाही म्हणा, आणि कसं शोधाल ते सांगा. थाप लगेच कळते. सर्वांत मोठी चूक विचारली तर खरीखुरी चूक सांगा. "मी फार मन लावून काम करते, हाच माझा दोष" असं दर तिसरा उमेदवार सांगतो, आणि आम्ही कागदात तोंड लपवून हसतो.

पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता, हा प्रश्न अजून चालू आहे. गेल्या वर्षी आपण स्वयंपाकघरात मुलाखतीची तयारी करत होतो तेव्हा तुम्ही हा मला विचारलात, आणि आई बाहेरून म्हणाल्या, "आधी मला विचार, मी पाच वर्षांनी कुठे असेन." त्या दिवशी पुढचा प्रश्न घ्यायला दहा मिनिटं लागली.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. जुनी नोकरी का सोडली असं विचारलं तर काय सांगू?

इथवर लिहून मी दोनदा उठले. एकदा कपडे वाळत घातले, एकदा उगाच फडताळ आवरलं.

तुम्ही लिहिलंय, "त्यांना माझ्या कानाचं कसं कळलं, हे अजून कोडं आहे. त्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातूनच फुटलं असणार. मी त्यांना चांगलं खरमरीत पत्र पाठवलं आणि जाणं बंद केलं." सोमवारपासून ही तीन वाक्यं मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. डॉक्टरीणबाईंनी काही केलेलं नाही, वन्सं. कानाचे उपचार सोडू नका. आधी एवढं वाचा, मग पुढचं.

नव्या मालकांनी कंपनी घेतली आणि सगळ्यांना आपापल्याच जागेसाठी पुन्हा मुलाखत द्यायला लावली. टेस्टिंग विभागात आपण दोघी, आणि जागा एक. दुसरी कोणी असती तर तिने दार लावून घेतलं असतं. तुम्ही मला रोज संध्याकाळी शिकवायला बसलात. प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहिलेत. म्हणालात, "अवघड प्रश्न आला की पाण्याचा एक घोट घ्यायचा. तेवढा वेळ आपला." आणि म्हणालात, "एकमेकींविरुद्ध बोलायला लावतील. दोघींनी एकच सांगायचं. आमची कामं वेगळी आहेत, तुलना करता येणार नाही. ठरलं?" मी म्हटलं, ठरलं.

आत तिघे होते. नव्या मालकांचा माणूस, मनुष्यबळ विभागातल्या बाई आणि टिपणं घेणारी एक मुलगी. माझा नंबर तुमच्या आधी होता. त्या माणसाने विचारलं, "तुम्हा दोघींपैकी तुम्हालाच का ठेवावं?" मी ठरलेलं उत्तर दिलं. तो चांगला हसला. म्हणाला, "हे पाठ केलेलं आहे. घरी तयारी केलीत, छान. आता खरं सांगा. त्यांना जमत नाही आणि तुम्ही करता, असं काय आहे?"

मी म्हटलं, तसं काही नाही.

तो म्हणाला, "मग आम्हाला तुमची गरज काय?"

इथे मी लिहिणार होते की तोंडून निसटलं. तसं चार दिवस मनात जुळवून ठेवलं होतं. पण निसटलं नाही. मी पेला उचलला, घोट घेतला. तेवढा वेळ माझा होता आणि तेवढ्या वेळात मी ठरवलं. मग म्हणाले, "मीटिंगमधलं सगळं टिपण मीच करून देते. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. कोणाला सांगितलेलं नाही."

त्या तापानंतर तुमचा कान गेला, हे घरात फक्त मला माहीत होतं. तुमच्या भावालाही नव्हतं. मीटिंगमध्ये मी नेहमी तुमच्या डावीकडे बसायची आणि सुटलेलं वहीत लिहून तुमच्याकडे सरकवायची. तुमच्या कामात त्यामुळे कधी चूक झाली नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

मग तुम्ही आत गेलात. संध्याकाळी घरी येऊन काय म्हणालात आठवतं? "अगं, त्या माणसाची दाढ दुखत असणार. सगळा वेळ तोंडावर हात धरून बोलत होता. आणि खुर्ची सोडून डावीकडच्या खिडकीशी काय उभा राहत होता, पुटपुटत काय होता. मला तीनदा विचारावं लागलं, काय म्हणालात म्हणून." सगळे हसले. मीसुद्धा हसले. भाकरी तव्यावर होती, ती जळेपर्यंत मी तिच्याकडे बघत उभी होते.

आठवड्याने पत्रं आली, एक माझं आणि एक तुमचं. तुम्ही स्वतःचं वाचून, त्यातली कानाबद्दलची ओळ फक्त मला दाखवून घडी घातलीत आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "घरात एकीची तरी टिकली." त्या वेळी बोलायला हवं होतं. मग तुम्ही लेकीकडे जायला निघालात तेव्हा. मग तुम्ही पोचल्याचा फोन आला तेव्हा.

आता मला बढती आहे. काचेची खोली आहे, तिची खिडकी उघडत नाही. उमेदवारांना विचारायच्या प्रश्नांचा कागद वरून येतो. त्यात एक प्रश्न असतो, तुमच्या सहकाऱ्यांपैकी एकाला कमी करायचं तर कोणाला कराल? तो वाचायची पाळी माझ्यावर येते. मागच्या महिन्यात एक मुलगी म्हणाली, "हा प्रश्न मला नाही आवडला, पुढचा विचारा." कामात हुशार होती. बाकीच्यांनी तिच्या नावावर काट मारली. खाली तिसरी सही माझी आहे.

राजीनामा लिहून ठेवलाय असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. ठेवलेला नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण घेईल, हा विचार करते आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर जाऊन बसते.

काल दुपारी तुमच्या त्या नव्या कंपनीतून फोन आला. संदर्भासाठी तुम्ही माझं नाव दिलंत. बाई नीट बोलल्या. तुमच्या कामाबद्दल विचारलं, ते मी मनापासून सांगितलं. मग म्हणाल्या, "इतकं चांगलं काम होतं तर कमी का केलं?"

मी म्हटलं, "माझ्यामुळे. जागा एक होती. त्यांनी विश्वासाने मला सांगितलेली एक गोष्ट मी मुलाखतीत सांगितली, माझी नोकरी राहावी म्हणून."

 त्या म्हणाल्या, "कोणती गोष्ट?"

याचा मी विचारच केला नव्हता, वन्सं. खरं बोलायचं एवढंच डोक्यात होतं. मी म्हटलं, "ती त्यांची आहे. मी पुन्हा सांगणार नाही." त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. तेव्हापासून कळेना झालंय, मी तुमचं भलं केलं की त्यांच्या मनात किडा सोडला. गुरुवारी त्या तुम्हाला विचारणार, हे नक्की. तुम्ही बेसावध असू नये म्हणून हे पत्र आजच्या आज कुरिअरने पाठवते आहे, सोमवारी मिळेल. कानाचं सांगायचं का, कधी, कसं, हे तुम्ही ठरवा. मागच्या वेळी ते ठरवणं मी तुमच्या हातात ठेवलं नाही.

नोकरी सोडण्याचं कारण म्हणून माझं नाव घ्यायचं तर घ्या. मी नाकारणार नाही, कोणीही विचारलं तरी.

तुमच्या भावाला आज सकाळी सांगितलं. चहा तसाच ठेवून तो तुमच्या खोलीत जाऊन बसला. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "आईला तू सांगायचंस, मी नाही." आई आत्ता बाहेर मटार सोलत बसल्यात. पाकीट बंद केलं की त्यांच्यासमोर जाऊन बसेन.

माफ करा असं लिहायला हात धजत नाही. उत्तर नाही आलं तरी चालेल, असं लिहावं म्हणजे तुम्हाला मोकळं वाटेल, असंही मनात आलं. पण खरं सांगते, चालणार नाही. मी वाट पाहीन.

तुमच्या भावाची बायको