औटकी म्हणत चढलेला जिना

विद्यानगर, हैदराबाद
मंगळवार, १३ डिसेंबर १९९४

आज पुन्हा माझ्या वरच्या खोलीत बसून लिहीत आहे. मुलाने सरकारी नोकरी सोडून खाजगी कंपनी धरली, त्या चिंतेने माझा रक्तदाब चढला, जिना बंद झाला आणि सूनबाईंनी माझा पलंग खाली बैठकीत आणविला. मला सामानासारखे हलवावे, हे फार लागले होते.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगून बजावले होते, "चालताना बोलता आले पाहिजे. दम लागला की हळू व्हा." सोबतीस कोणी नाही. म्हणून चौथीत पाठ केलेली औटकी, साडेतीनचा पाढा, म्हणत रोज चाललो. शेजारचे रेड्डी पुढे जाताना म्हणत, "क्या चाचा, आज पहुँचते कि नहीं?" मी पाढा तोडला नाही. पाढ्यात चिंतेलाही जागा उरत नसे.

आज डॉक्टर म्हणाले, "रक्तदाब उत्तम. जिना चढा." घरी येताच चढलो. खालून सूनबाई, "बाबा, सावकाश." मी औटकी मोठ्याने म्हटली. शेवटच्या पायरीवरही आवाज खणखणीत होता.

पलंग वर आणताना मुलगाच धापा टाकीत मध्ये थांबला. "बाबा, उद्या मीही येतो," म्हणाला.

त्यास औटकी येत नाही. शिकवीन.