भोंग्याशेजारचं घर

१४ ऑक्टोबर
एल्म क्रॉसिंग, नेब्रास्का

प्रिय व्हर्ना विहीणबाई,

तुमचा गुडघा आता बरा असेल. इथे सगळं झकास. थंडीने माझे टोमॅटो गेले, पण दुःख करायला वेळ कुणाला आहे! आपली नात टेसा तान्ह्या हेझेलला घेऊन माझ्या शेजारच्या घरात राहायला आली. भांडी घासता घासता मला खिडकीतून पणतीचा पाळणा दिसतो. अक्षराला हसू नका, माझी शाळा आठवीतच सुटली.

टेसाच्या मनात टेकडीवर तुमच्याजवळ घर घ्यायचं होतं, माहीत आहे मला. केवढी शांतता तुमच्याकडे! दर नाताळला ऐकवताच की, "आमच्याकडे पान पडलं तरी ऐकू येतं." पण पोरीला परवडलं ते रुळांलगतचंच. फाटक आलं की मालगाडी भोंगा वाजवते, कपाटातल्या बश्या नाचतात, म्हणून घर स्वस्त. तशी आधीही गिऱ्हाइकं आली होती बरं का. घर विकणारी बाई चलाख, दोन गाड्यांच्या मधेच माणसं आणायची. मग मी कुंपणावरून हाक मारायची, "अहो, केक आत्ताच काढलाय, बसा की जरा!" बसायची बिचारी. तेवढ्यात गाडी यायची. मग कुणी दुसरा तुकडाही मागत नसे. शेजारणीने केक देऊ नये असा काही कायदा आहे का?

हेझेल पहिल्या दिवशी दचकली. आता भोंगा वाजला की पाय झाडून हसते. गुलाम आहे नुसती!

बरं, ते राहिलंच. बेकरीतली डॉरिस म्हणाली, "आर्डिथ, गावातले भोंगे बंद करायच्या अर्जावर तुझ्या विहिणीने सही केली गं." फाटकाला नवे दांडे बसवायचे, म्हणजे भोंग्याची गरज नाही, मग गाडी मुकाट जाणार म्हणे. विहीणबाई, तुमच्या टेकडीवर भोंगा ऐकू तरी येतो का?

टेसाला विचारलं. हसून म्हणाली, "आजी, भोंगा थांबला की घराची किंमत चढेल. मग ते विकून टेकडीवर जाता येईल. व्हर्ना आजीनेच सुचवलं."

मी तिला आणखी केक वाढला. दुसरं काय करणार?

तुमच्याकडे चारही मुलांची पोरं येतात, नाताळचं झाड तुमच्याकडे, फोटोत मधली खुर्ची तुमची. माझ्याकडे ही एक खिडकी आहे.

मंगळवारी गावाची सभा आहे. त्याआधी सही मागे घ्या. दर रविवारी हेझेलला मी स्वतः टेकडीवर आणीन, नाताळही तुमच्याकडेच होऊ दे, मी कुरकुरणार नाही. आणि सही मागे नसेल घ्यायची, तरी सभेला या. तुमच्या आवडीचा अक्रोडाचा केक आणतेय. सभागृहाच्या खिडक्या रुळांकडे उघडतात. गाडी येईपर्यंत मी तुम्हाला बोलायला उठू द्यायची नाही.

अजून तरी हेझेलची शेजारची पणजी,
आर्डिथ