गल्लीत पळायचं नाही

आई,

पाय मीठ घातलेल्या कोमट पाण्याच्या बादलीत आहेत आणि मांडीवर पोळपाट घेऊन, त्यावर कागद ठेवून हे लिहिते आहे. पोळपाटाचा हा उपयोग तुला चालला नसता. पण टेबलापर्यंत जायचं तर उठावं लागेल, आणि आज उठणं या क्रियेशी माझं भांडण आहे. तू गेलीस तेव्हा मी कोपऱ्यावरून दुधाची पिशवी आणायलासुद्धा स्कूटर काढत असे. आता पन्नाशी उलटल्यावर मी रविवारी अंधारात उठते, गंगापूर रोडने गिरणाऱ्याकडे पळत जाते आणि पळतच परत येते. तिकडे काम काय, तर काही नाही. आणते काय, तर काही नाही. एकदा टोमॅटो आणले होते, ते घरी पोचेपर्यंत त्यांचं सार झालं होतं.

हे सुरू कसं झालं ते तुला सांगायचं राहूनच गेलं. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं होतं, मी चालत होते, आणि चालणं मला वर्गात पर्यवेक्षण करण्याइतकं कंटाळवाणं वाटत होतं. एका सकाळी शेजारून सात-आठजण हळूहळू पळत गेले. त्यात माझ्याहून जाड एक गृहस्थ होते, आणि मत्सर हा फार जुना गुरू आहे. मी त्यांच्या मागे दोन विजेचे खांब पळाले. दुसऱ्या दिवशी तीन. मग त्यांनीच मला त्यांच्या क्लबात घेतलं. ते जाड गृहस्थच क्लबचे प्रमुख निघाले, सगळे त्यांना सर म्हणतात. सरांचा एकच नियम आहे, बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचं. माझ्याशी बोलायला शेजारी कुणी नसेल तर मी मनात शब्दरूपं चालवते. सप्तमीपर्यंत दम टिकला तर वेग बरोबर, चतुर्थीलाच धाप लागली तर आपण वयापेक्षा जास्त शहाणपणा करतो आहोत. तू मला संस्कृत घ्यायला लावलंस ते मार्क चांगले पडतात म्हणून. त्याचा असा उपयोग होईल हे तुझ्याही ध्यानीमनी नसेल. आणि गंमत म्हणजे धाव् या धातूचे अर्थच दोन दिलेत, पळणे आणि धुणे. आपल्या घरात बायकांच्या वाट्याला दुसराच आला.

गिरणाऱ्याला टोमॅटोचे कॅरेट गाडीत चढवणारी एक बाई मला पहिल्या वर्षी दर रविवारी भेटायची. पहिल्यांदा मला बघून तिने हातातलं कॅरेट खाली ठेवलं होतं. "ओ मॅडम, काय झालं? कोन मागं लागलंय का?"

"नाही हो. सहज पळतेय."

"सहज?" ती शेजारणीकडे वळली. "ऐकलं का, सहज पळती म्हने. आपन बी सहज कॅरेट उचलतो."

शाळेत मी सांगते, सहज म्हणजे जन्माबरोबर आलेलं. रस्त्यावर त्याचा अर्थ 'विचारू नका' असा होतो. पण त्या बाईने विचारलं तेच तू विचारलं असतंस, हे मला तेव्हाच जाणवलं. मोठी बाई रस्त्याने पळते म्हणजे काहीतरी झालेलं असतं.

मी चौथीत होते. शाळेच्या शर्यतीत पहिली आले आणि बक्षीस म्हणून स्टीलची वाटी मिळाली. ती डोक्यावर धरून मी शाळेपासून घरापर्यंत पळत सुटले. गल्लीत शिरले तशी एकेक दारं उघडायला लागली, कुणी कणकेच्या हाताने बाहेर, कुणी हातात चहाचा कप घेऊन. तू नुकतीच कंपनीच्या बसमधून उतरली होतीस, पिशवी अजून खांद्याला होती. मला वाटलं तू वाटी बघशील. तू माझा दंड धरलास. "गल्लीत पळायचं नाही, कितीदा सांगितलं? लोकांच्या छातीत धस्स होतं." मग आजूबाजूच्या दारांकडे बघून हसून म्हणालीस, "काही नाही हो, वाटी मिळाली हिला." दारं बंद झाली. ती वाटी तू तांदळाच्या डब्यात टाकलीस आणि त्यानंतर आपल्या घरात रोजचा भात तिनेच मोजला गेला. अजूनही जातो. त्यानंतर मी कुठल्या शर्यतीत उतरले नाही. तू मनाई केली नव्हतीस, पण तुला ते आवडत नाही अशी माझी खात्री झाली होती.

आता बाबांचं सांगते. बाबा ऐंशीचे झाले, माझ्याकडेच आहेत. म्हणजे तसं म्हणायचं, खरं तर मी त्यांच्याकडे आहे, कारण घर त्यांचं आणि हट्टही त्यांचे. दिवाळीनंतर मी सोमेश्वरच्या वळणावर पडले. फार काही नाही, गुडघा आणि तळहात सोलला. पण रक्ताळलेली घरी आले ते बाबांनी पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी बाहेर पडले की ते फाटकाशी उभे. कानटोपी, मफलर, आणि दोन बोटं नसलेला डावा हात फाटकाच्या कडीवर. नाशिकची थंडी तुला माहीत आहे, त्या दिवसांत द्राक्षवाले बागांमधून शेकोट्या पेटवतात. मी म्हटलं, "बाबा, तुमच्या छातीला हे झेपणार नाही. आत बसा." तर म्हणाले, "मी काही म्हणतोय का? तू पळ. मी नुसता उभा आहे."

मी रोज पळत होते आणि रोज मागे एक माणूस उभा आहे हे पाठीला कळत होतं. मग त्यांना खोकला झाला, डॉक्टरांनी पहाटेची हवा बंद सांगितली, आणि मी पळणं थांबवलं. क्लबची फुल, म्हणजे बेचाळीस किलोमीटरची, दोन रविवारांवर आली होती. ही काही स्पर्धा नव्हे, आम्ही दहा-बाराजणांनी आपसात ठरवलेली. पण वर्षभर मी त्या एका सकाळवर डोळा ठेवून होते. सरांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, घर आधी." मला ते पटलं, आणि त्या पटण्याचा इतका राग आला की मी फोन ठेवून मसाल्याचे सगळे डबे घासले.

मग जे झालं त्याला तू हसली असतीस. पहाटे पाय आपोआप जागे होत. मी उठून माळे काढले, पंखे पुसले, भर थंडीत पांघरुणं धुतली, नववीच्या उत्तरपत्रिका दोनदा तपासल्या आणि दुसऱ्यांदा सगळ्यांचे मार्क कमी झाले. वर्गात मी दारापासून खिडकीपर्यंत अशा येरझारा घालत होते की मुलांच्या माना टेनिस बघितल्यासारख्या हलत होत्या. एका मुलीने विचारलं, "बाई, तुमचं काही हरवलंय का?" मी म्हटलं, "विभक्ती लिही." घरी जेवताना टेबलाखाली माझा गुडघा हलायचा आणि बाबांच्या ताटातली आमटी हिंदकळायची.

शेवटी परवा सकाळी त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "जा बाई, पळ. तू घरात धावतेस त्यापेक्षा रस्त्यावर बरी."

"आणि तुम्ही फाटकाशी उभे राहणार."

"तुला वाटतं मी तुझ्या पडण्याला घाबरतो." बाबांनी बशी बाजूला सरकवली. "मला पळत येणारी बाई बघवत नाही. एवढंच आहे ते."

आणि मग त्यांनी मला अंबडच्या कारखान्यातला तो दिवस सांगितला. बाबांचा हात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेला होता हे मला माहीत होतं. तू बातमी ऐकून तुझ्या कंपनीतून त्यांच्या कंपनीत पळत गेलीस, हेही माहीत होतं. पण मी तेव्हा पहिलीत, शेजारच्या काकूंकडे बसून पोहे खात होते. माझ्या आठवणीत त्या दिवसाचे फक्त पोहे आहेत.

"मी गेटवर स्टुलावर बसलो होतो," बाबा सांगत होते, "हाताला मशीन पुसायचं कॉटन वेस्ट गुंडाळलेलं, टेम्पोची वाट बघत. लांबून तुझी आई पळत येताना दिसली. अंगावर कंपनीचा एप्रन, चपला हातात. मला वाटलं, पोरीला काहीतरी झालं. बोटं गेलीत हे विसरून मी उठून उभा राहिलो. ती आली ती म्हणते, अहो हात दाखवा. मी म्हणतो, पोरगी कुठाय? वॉचमनला कळेना, अपघात नक्की कुणाला झालाय."

मी हसले. बाबा हसले नाहीत.

"टेम्पोत बसलो. तिचा श्वास लागलेला. माझ्याकडे बघून म्हणाली, 'किती वर्षांनी पळाले हो.' आणि हसली. हसता हसता तोंडाला पदर लावून रडायलाच लागली. मला वाटलं, माझ्या बोटांसाठी. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिने सांगितलं. मधे एक सरळ रस्ता लागला, तिथे पाय आपोआप पडायला लागले, आणि तेवढा वेळ तिला बरं वाटलं. 'तुमची बोटं गेली होती, आणि मला बरं वाटत होतं,' असं म्हणाली. माझ्यापुढे हात जोडले गं तिने. मी म्हटलं, वेडी का खुळी. पण त्यानंतर ती कधी पळाली नाही. कंपनीची बस डोळ्यांसमोरून सुटली, तरी चालतच राहायची."

चहा निवून गेला होता. मी तांदूळ काढायला उठले, डब्यातली वाटी हातात घेतली आणि ओट्याशी उभी राहिले. मी ती वाटी डोक्यावर धरून गल्लीत पळत आले, त्या दिवशी तू नक्की कुणाला ओरडलीस? इतकी वर्षं मला वाटत होतं, मला.

आमचा तह ठरला. बाबांनी बाहेर उभं राहायचं नाही, व्हरांड्यात शाल घेऊन खुर्चीवर बसायचं. आणि मी गल्लीच्या तोंडाशी पळणं थांबवून चालत यायचं. "चालत आलीस की मला लांबूनच कळेल, काही झालेलं नाही," असं त्यांनी दोनदा बजावलं. म्हणजे तुझाच नियम, नव्या आवृत्तीत.

तर आज ती फुल झाली. गिरणाऱ्याच्या पुढे जाऊन परत. कॅरेटवाली बाई होती, तिने हात वर केला आणि ओरडली, "आजून पळतीच का?" शेवटचे काही किलोमीटर कसे काढले ते विचारू नकोस, शब्दरूपं प्रथमेतच अडकत होती. पेट्रोल पंपापाशी बेचाळीस पुरे झाले, सरांनी केळं हातात दिलं, "मॅडम, बसू नका, बसलात तर उठणार नाही," म्हणाले, आणि मी घराकडे निघाले. इथे एक गोष्ट आम्ही बापलेकींनी लक्षात घेतली नव्हती. इतकं पळून थांबलं की पाय लाकडाचे होतात. पळणं अजून जमत होतं, चालणंच जमत नव्हतं. तरी शब्द दिला होता म्हणून मी चालत, म्हणजे भिंतीला हात लावत, एक पाय ओढत, गल्लीत शिरले.

बाबांनी ते व्हरांड्यातून पाहिलं. शाल खुर्चीवर राहिली, फाटक वाजलं, आणि बाबा माझ्या दिशेने पळत सुटले.

ऐंशी वर्षांचा माणूस, आई. कोपरं बाहेर, टाचा आपटत, एका पायातली स्लिपर मागे राहिलेली. मी ओरडले, "बाबा, पळू नका! गल्लीत पळायचं नाही!" आणि दारं उघडली. तेव्हाच्या घरांपैकी आता दोनच उरलीत, बाकी नवी माणसं, पण दारं तशीच उघडली. पोह्यांच्या काकूंची सून धावत बाहेर आली. "काय झालं, काका? काय झालं?"

बाबांनी माझा दंड धरला, गुडघे पाहिले, तळहात उलटून पाहिले. रक्त कुठेच नव्हतं. मग धापा टाकत त्या सुनेकडे वळले.

"काही नाही गं," म्हणाले. "सहज."

आता ते आत खोकताहेत. दोनदा वाफ दिली, तिसऱ्यांदा नको म्हणाले, आणि मघापासून डाव्या गुडघ्याला स्वतःच तेल चोळताहेत. जरा वेळापूर्वी त्यांनी विचारलं, "फार त्रास झाला का गं?" मी म्हटलं, "खूप." त्यांना बरं वाटलेलं दिसलं. कागदावर बादलीतलं पाणी उडून शाई पसरली आहे, हे आता कुणाला दाखवण्यासारखं राहिलं नाही, आणि ते बरंच आहे. कारण गिरणाऱ्याहून परत फिरल्यावर एक सरळ रस्ता लागतो, दोन्ही बाजूंना बागा आहेत, शेकोट्यांचा धूर जमिनीलगत पसरलेला असतो. तिथे माझे पाय आपोआप पडायला लागले. त्या रस्त्यावर मला बाबा आठवले नाहीत, त्यांची छाती आठवली नाही, आणि तूही आठवली नाहीस. किती वेळ ते सांगता येणार नाही. बाबांना मी खूप म्हटलं ते खोटं होतं, आई. मला बरं वाटत होतं.