नारळ फोडायचा राहिलाय

भांडुप,
२० जुलै १९८६

प्रिय सहदेव,

तुझी बोट सिंगापूरला लागेल तेव्हा एजंटाच्या माणसाकडून हे पत्र तुझ्या हाती पडेल. पाकीट जाड बघून घाबरू नकोस, घरात सगळं ठीक आहे. आईंचा गुडघा नेहमीसारखाच कुरकुरतोय. शकुचे पुढचे दोन्ही दात पडलेत. नवे येईपर्यंत शाळेत हसायचं नाही असा तिने पण केलाय आणि तो रोज शाळेच्या फाटकातच मोडतो. आईंसमोर तुझा विषय निघाला की मी 'ते' म्हणते, पण पत्रात मला ते जमत नाही. ज्याच्याशी चाळीच्या अंगणात लगोरी खेळताना हातघाईवर आले, त्याला कागदावर अहो-जाहो करायचं म्हणजे मला हसूच फुटतं.

पंधरा दिवसांपूर्वी चेंबूरहून एक बाई आली होती, चंपा नावाची. कुणीतरी तिला सांगितलं होतं की भांडुपला टेंभीपाड्यात एका बोटवाल्याची बायको आहे, तिला यातलं कळतं. तिचा नवरा कुठल्याशा बंदराबाहेर अडकलाय. बोटीचा मालक नाहीसा झालाय आणि खलाशांना खाली उतरू देत नाहीत. ती बोलत होती आणि मी तिच्या हातातल्या पिशवीकडे बघत होते. तशीच पिशवी घेऊन मीही फिरले आहे. तुझी ती जुनी बोट अडकली तेव्हा शकु कडेवर होती. या कचेरीत गेले की म्हणायचे, झेंडा आमचा नाही. त्या कचेरीत म्हणायचे, बंदर आमचं नाही. तिसरीकडे एका साहेबाने तर चहा पाजून सांगितलं की बाई, मालक आमच्या देशाचा असता तर गोष्ट वेगळी होती. मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्या देशाचा, बंदर तिसऱ्या देशाचं, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये लटकलेला माणूस भांडुपचा! रडू यायचं ते कमीच, रागच जास्त यायचा. वकिलाच्या हापिसात नोकरी करून, सकाळच्या कॉलेजात कायद्याचा अभ्यास करून मला एवढंही कळू नये की माझ्या नवऱ्याचं गाऱ्हाणं ऐकायचं कुणी?

श्यामकांत वकिलांनाच विचारलं मी. तेव्हाही मी मुलुंडला त्यांच्याकडेच होते. ते म्हणाले, "प्रेमा, मला भाडेकरू आणि मालक कळतात. समुद्र माझ्या बापालाही कळला नाही." पण माणूस मोठा गोड. ओळखीच्या एका प्राध्यापकांकडून त्यांनी मला जाडजूड पुस्तकं आणून दिली. त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं, उरलेल्या निम्म्यात मला दिसलं की बोट कुणाचीही असो, तिच्यावरच्या माणसांचा हक्क सगळ्यांच्या आधी धरतात. मी खलाशांच्या मोठ्या युनियनला पत्र लिहिलं. तू सुटलास तो माझ्या पत्राने, असं मी कधी म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही. युनियनचा तो दाढीवाला माणूस तिथे येऊन धडकला म्हणून तू सुटलास. पण कुठलं दार ठोठावायचं असतं, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं.

तू घरी आलास आणि त्या अडकलेल्या दिवसांबद्दल काहीच बोलला नाहीस. अजूनही बोलत नाहीस. रजेवर आलास की सकाळी उठून घरातलं प्रत्येक भांडं पाण्याने भरून ठेवतोस, वाट्यासुद्धा. आई म्हणतात, नळाक पाणी येता रे बाबा, वाट्यो कित्याक भरतंस? तू हसून टाळतोस. मी मात्र त्या वाट्या रिकाम्या करत नाही. तू परत बोटीवर गेलास की त्या तशाच असतात एक-दोन दिवस, आणि मला बरं वाटतं.

तर आता मुख्य बातमी. दिवाळीत मी हॉलंडचा तो अर्ज भरत होते तेव्हा तू म्हणाला होतास, "भर गं, अर्ज भरायला कोणाच्या बापाचं काय जातं?" त्यांनी मला घेतलं, सहदेव! आंतरराष्ट्रीय कायद्यातली पदवी, एल्एल्. एम., वर्षभराची, आणि त्यात समुद्राचा कायदा मुख्य. राहण्याखाण्यासकट सगळं शिष्यवृत्तीत बसतं. सप्टेंबरात निघायचं आणि ऑगस्ट संपायच्या आत होकार कळवायचा. पाकीट उघडलं तेव्हा हापिसात मी एकटीच होते. पक्षकारांच्या बाकावर बसून घेतलं आणि एकटीच मोठ्याने हसले. घरी येईपर्यंत मात्र हसू उतरलं, कारण दारात शकु उभी होती, वेणी सुटलेली, 'आई, घाल' म्हणत. तू डिसेंबरात येशील, पण तोवर? आणि तू परत गेल्यावर? वेणी घालून झाली तरी मी तिचे केस सोडले नाहीत.

आईंना सांगितलं तर त्यांनी तांदळाचं सूप पुढे ओढलं. नुसत्या तांदूळ निवडत राहिल्या. आईंचा आरडाओरडा मला झेपतो, गप्प बसणं झेपत नाही. दोन-तीन दिवस घरात अशी शांतता, की शेजारची कमळ भांडण झालं का म्हणून विचारून गेली. मी मनात म्हणायला लागले होते, जाऊ दे, चंपासारख्या बायकांना इथे बसून सांगू तेवढं सांगू. मग गेल्या रविवारी आईंनी आपण होऊनच राजाराम भावोजींना बोलावणं धाडलं आणि देवापुढे नारळ ठेवला. तुला तर ठाऊकच आहे, तू बोटीवर निघालास की देवाला गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनीच. आवाज असा, की गावच्या रामेश्वराला भांडुपहून हाक ऐकू जावी. चाळीतली सगळी जमली. मला वाटलं, आईंनी माझं जाणं मनावर घेतलं.

भावोजींनी सुरुवात केली. बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वयवाटीच्या... आम्ही म्हटलं, व्हय म्हाराजा. ह्या घरात आज लेकरा तुका नारळ ठेवतत... व्हय म्हाराजा. ह्या घरची सून परमुलखात जावचा म्हणता हा, तिका बरी बुद्धी दी आणि आपल्या उंबऱ्याच्या आतच सुखात ठेव... आणि सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, व्हय म्हाराजा! सगळ्यांनी म्हणजे मीसुद्धा रे! आपल्याकडे गाऱ्हाणं ऐकतो कोण? सूर खाली आला की तोंडातून व्हय म्हाराजा निघतंच. माझ्याच तोंडाने मी माझी वाट लावून घेतली होती. भावोजींनी फोडायला नारळ उचलला.

तेवढ्यात आई उठल्या. गुडघा धरून, भिंतीचा आधार घेऊन उठल्या आणि भावोजींच्या हातातून नारळ काढून घेतला. "थांब राजाराम. नारळ फुटाक नाय, म्हणजे गाऱ्हाणा पुरा झाला नाय." आणि सहदेव, आपल्या घरात बाईमाणसाने कधी घातलं नाही ते गाऱ्हाणं तुझ्या आईने घातलं. आवाज बारीक, पण एक शब्द अडखळला नाही. बा देवा म्हाराजा, ह्यो राजाराम बोललो ता विसर. माझो झील बोटीर अडाकलो तेवा माझ्या सुनेन धा दारां झिजवल्यान. कोणी दार उघडूक नाय. आता ती त्याच दारांची कुलपां उघडूक शिकाक जाता हा. तिका संभाळून ने, शिकव, आणि संभाळून घराक हाड. तिच्या वाटेत जो कोण आडवो येयत, मगे तो राजाराम असलो तरी, त्येका सरळ कर. चेडवाक मी बघतलंय. तिची वेणी मी घालतलंय. आमचं व्हय म्हाराजा या वेळी सवयीचं नव्हतं. भावोजी तर सगळ्यात मोठ्याने ओरडले, नाइलाजाने म्हण हवं तर. मी आईंच्या पायाशी बसून लहान पोरीसारखी रडले, आणि शकु बोळक्या तोंडाने सगळ्यांकडे बघून हसत होती.

आता हे एवढं लांबलचक पत्र कशासाठी, ते सांगते. मला वाटलं, आई आता नारळ फोडतील. त्यांनी तो फोडला नाही. पदराने पुसून देव्हाऱ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "घरातलो एक आवाज अजून रवलो हा. तो आयकल्याबगर नारळ फुटाचो नाय." तुला मी हात जोडणार नाही, आणि तू नाही म्हणालास तर मी गुमान घरी बसेन अशी खोटी शपथही घालणार नाही. पण तू दर वेळी निघालास तेव्हा माझा व्हय म्हाराजा तुझ्या पाठीशी होता, आतून नको नको म्हणत असतानाही होता. या वेळी मी निघाले आहे. डिसेंबरात तू येशील तेव्हा मी दारात नसेन, तूच वाट बघशील. वाट्या भरून ठेव, काही हरकत नाही. म्हणून आताच सिंगापूरच्या पोस्टात जा आणि तार कर, त्या दोनच शब्दांची. तिथला माणूस विचारेल ही कुठली भाषा, तर सांग त्याला आमच्या गावची. तार म्हटली की आई आधी गळा काढतात, म्हणून त्यांना सांगून ठेवलंय की ही तार चांगली असणार आहे. मात्र लवकर कर. शकु रोज सकाळी तो नारळ कानाशी धरून हलवून बघते आणि मला सांगते, अजून आहे गं पाणी, बाबांना म्हणावं लवकर बोला.

तुझ्या आवाजाची वाट बघणारी,
तुझीच,
प्रेमा