आडाचा ठराव आन् माझी पहिली सही

सोम. ५ मार्च ७३
धाकटी नात आज महिन्याची झाली. नाक घराण्याचं न्हाई, माझं हाय. बघत बसले, भाकरी करपली. न्हाऊ घालायला रखमा येती, पाथर्डीकडची. तिकडं पाणी आटलं म्हनून नवरा-बायकोनं इथं ओढ्याकाठी पाल टाकलंय. तिला स्वतःला सातवा महिना. पन हात इतका हलका, पोर तिच्या पायावरच झोपती.
थोरली नात शशी, चौथीत. हे समदं मी सांगते, तीच लिहिती. तिनं मला सही शिकवली. मी पंचायतीत बाई मेंबर, पन बैठकीला कोन बोलावतंय, ठरावाची वहीच घरी येती. दर टायमाला अंगठा. आज सही केली! शिपाई म्हनला, "आक्का, साहेबीन झाल्या की." समद्या गल्लीत सांगून आले.

गुरु. ८ मार्च
रखमा रिकाम्या घागरी घेऊन आली. आडावर बायांनी अडवलं. बाहेरच्यांनी कॅनॉलवर जा म्हने, ठराव झालाय. कॅनॉल दोन कोस, हिचं पोट हे एवढं. मी तावातावानं, "असला ठराव कोनी केला?" ती खाली बघत, "तुमचीबी सही हाय म्हनत्यात."

शुक्र. ९ मार्च
शशीला पंचायतीत नेऊन ठरावाची वही वाचून घेतली. 'सर्वानुमते मंजूर.' म्हंजे काय गं? "समद्यांचं तेच म्हननं, आजी." माझं म्हननं कोनी इचारलं? आन् मी तरी कुठं इचारलं. खाली माझी सही. किती नटवून काढली हुती.
संक्रांतीला ह्याच बायांनी रखमाला वाण दिलं. पारावर बाहेरचे-बाहेरचे चालू झालं, तवापासून तिचं नावबी कोनी घेत न्हाई.

रवि. ११ मार्च
देवळापुढं गावसभा. मी उठले. "माझी सही खोडा." सरपंच नात्यानं दीर. "वहिनी, आडाचा तळ दिसाय लागलाय. गावच्यांनी काय प्यायचं?" तेबी खोटं न्हाई. माझ्याबी घरात बाळंतीन हाय. पन म्हनले, "भावजी, ह्या बायांत गावची कोन? मी कोपरगावची. समद्या लग्न होऊन आलेल्या. गावचे म्हंजे तुमी बाप्ये, आन् पाणी भरायचं आमी." बाया पदरात हसल्या. मागनं कोनतरी, "म्हातारीला सही काय आली, भाषनबी आलं!"
ठराव मोडायचा का म्हनून हात वर करायला लावले. बायांचे नऊ वर. मग नवऱ्यांकडं बघून चार खाली. बाप्यांचे मोजलेच न्हाईत. बुधवारी परत बसू, सरपंच म्हनले.

सोम. १२ मार्च
रखमा आली न्हाई. बाळाला मीच न्हाऊ घातलं, रडून लाल झालं. पालावर गेले तर भांडी बांधलेली. म्हनले, बुधवारपत्तुर थांब. "प्यायचं काय, आक्का?" म्हनले, सकाळी माझ्यासंगं आडावर चल, तुझी घागर मी भरते, बघू माझा हात कोन धरतंय. तिनं गाठोडं सोडलं न्हाई.
दोन घागरी राखेनं घासून दारात ठेवल्यात. एक माझी, एक...