मशिनला ओलं चालत नाही

२१ ऑक्टोबर २०१८, रविवार, सकाळी ९.४०

खेळत होतो. सामना अर्ध्यावर आला आणि स्क्रीन काळी! कॉम्प्युटरच्या पेटीला हात लावला तर पोळला. थोडं थांबून परत चालू केलं, खेळ लावला, तापमानाचा आकडा बघितला — प्रोसेसर ९८ अंश. शंभरला तो स्वतःच बंद पडतो.

तलासरीला मावशीकडे गेलो त्याच्या आदल्या दिवशी, १६ तारखेला, हाच खेळ खेळताना ७१ होता. मधले चार दिवस मशिन बंद. बंद मशिन बिघडतं कसं?

२२ ऑक्टोबर

एक गोष्ट काल लिहायची टाळली. कॉम्प्युटरवरचं कापड मी नेहमी चौपदरी घालतो. परत आलो तेव्हा दुपदरी होतं.

मी मावशीकडे होतो, दसऱ्याला घरात आई आणि बाबा दोघंच होते. आई त्याच्या जवळसुद्धा जात नाही. लादी पुसताना टेबलापासून हातभर लांब राहते आणि माझंच वाक्य मला ऐकवते, "मशिनला ओलं चालत नाही, मशिनला ओलं चालत नाही! दोन वर्षं झाली, देवळातल्या घंटेसारखं वाजतंय घरात."

राहिले बाबा. कॉम्प्युटर आणला त्या दिवशी ते म्हणाले होते, "हा डबा एक दिवस विहिरीत टाकीन." मी बारावीची परीक्षा अर्धी सोडली, तेव्हापासून तर थेट बोलतही नाहीत. सगळं आईमार्फत. "त्याला सांग, पाणी सोड चिकूच्या वाडीला." आणि मी तिथेच बसलेलो असतो.

आईला विचारलं नाही. विचारलं की बाबांपर्यंत जातं.

२८ ऑक्टोबर, रविवार

हितेशला फोन केला. वापीला त्याचं रिपेअरिंगचं दुकान आहे.

"पंखो फरे छे?"

"फिरतोय."

"तो पेस्ट सुकाई गई. बदली नाख."

पेस्ट आणून बदलली. प्रोसेसरवर त्याची उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा बसतो, दोघांच्या मधे ही पेस्ट, ठोकळ्याच्या डोक्यावर पंखा. ठोकळा उचलला, खालची जुनी पेस्ट कापसाने पुसली, नवी वाटाण्याएवढी लावली. ठोकळ्याच्या फटींतून काळपट काहीतरी दिसत होतं. धूळ. ब्रशने जेवढी निघाली तेवढी काढली. पंखा ठोकळ्यापासून वेगळा करायला हवा होता, पण चार बारीक स्क्रू आहेत — एक तुटला तर?

९१. फक्त सात अंश!

चिकू उतरवायला आलेला शुक्रा खिडकीतून बघत होता. "जतीनभाऊ, ताडीच्या मडक्यात ठेव तुझा डबा. रातभर गार राहील." हसलो. मग वाईट वाटलं. हासुद्धा डबाच म्हणतो.

४ नोव्हेंबर

पेटीचा बाजूचा पत्रा काढून टेबलफॅन लावला. ८८. टिक टिक असा बारीक आवाज येतो. कुठून, कळत नाही.

११ नोव्हेंबर, रविवार

बोललो. बोलायचं नव्हतं.

वाडीत गेलो होतो. बाबा क्रेट मोजत होते. मी म्हटलं, "मी नव्हतो तेव्हा कॉम्प्युटरला हात तुम्ही लावलात ना?" शुक्रा चिकू उतरवायची जाळी घेऊन पलीकडच्या झाडाकडे सरकला.

बाबा म्हणाले, "हो. लावला."

बस्स, एवढंच. मला वाटलं होतं नाही म्हणतील. मग माझ्याकडे बघून विचारलं, "बिघडलं का?"

दीड वर्षात मला थेट विचारलेला पहिला प्रश्न — आणि तो हा! मी म्हटलं, "तुम्हाला हवं होतं तसंच झालं." आणि निघालो. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं. मी थांबलो नाही.

संध्याकाळी आईने विचारलं, "काय बोललास रे त्यांना? ताट तसंच सारलं."

१७ नोव्हेंबर

हितेश म्हणतो, वापीला ये, दुकानात बस, हात चांगला आहे तुझा. खोलीत दोघं राहू. माझ्या वाट्याचे अनामत पैसे त्याने भरूनसुद्धा टाकले. इथे तापमान उतरत नाही आणि दुसरं काहीच उतरत नाही.

२४ नोव्हेंबर

या महिन्यात बसताहेत तसाच दुपारी पुन्हा भूकंपाचा धक्का. भांडी वाजली. सगळे अंगणात. बाबा वाडीतून धावत आले, एक पाय अनवाणी. आईला विचारलं, "तो बाहेर आला का?"

मी समोरच उभा होतो.

२५ नोव्हेंबर

उद्या दुपारी हितेश टेम्पो घेऊन येतो. बॅग भरली. आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना तू सांग. मी नाही सांगणार. थकले मी तुमचे निरोप पोचवून."

सांगितलं नाही.

२६ नोव्हेंबर, सोमवार

टेम्पोत हादरे बसतील म्हणून ठोकळा काढून ठेवायचा होता. आता जातोच आहे तर धीर करून चारही स्क्रू सोडले, पंखा उचलला.

धूळ नव्हती. झेंडूच्या पाकळ्या. सुकून काळ्या पडलेल्या, एकावर एक बसलेल्या. वारा जायला फटच नव्हती. आणि तांदळाचे दाणे, लाल. त्यांचाच तो टिक टिक. पेटीच्या वरच्या जाळीतून आत पडले असणार.

ओंजळीत घेऊन आईकडे गेलो. ती म्हणाली, "अगं बाई, आत गेलं होय! दसऱ्याला कोयता, फावडं, चिकूची जाळी पुजली ना, तर हे म्हणाले, पोराचंही हत्यारच आहे ते. मी हळदकुंकू कालवून नेलं तर माझा हात धरला. म्हणे, मशिनला ओलं चालत नाही. कोरडं फूल कुस्करून वाहिलं आणि कोरड्या अक्षता. कापडही त्यांनीच घातलं परत."

सगळं साफ करून जोडलं. ६६ अंश.

हितेशला फोन केला — टेम्पो आणू नको. कामाला येईन, पण रोज घरून, घोलवडहून रेल्वेने.

बाबा वाडीत आहेत. एवढं लिहून त्यांच्याकडे जातो.

खर्च — पेस्ट १८०, ब्रश ३०.
देणं — हितेशने खोलीसाठी भरलेले २,०००. खोली लागणार नाही, तरी ते द्यायचेच.